झोफीच्या नावाची सही

लोरेन, ओहायो
१४ मार्च १९९९

प्रिय झोफी,

नाताळ नाही, कुणी गेलेलं नाही, आणि तरी माझं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. सगळे बरे आहेत, माझा गुडघा सोडून.

एक गोष्ट घडली, ती तुला कळवावीशी वाटली, एवढंच. तुला कदाचित माहीत नसेल, दातांच्या दवाखान्यातली नोकरी सांभाळून मी शनिवार-रविवारी कार्डांच्या प्रदर्शनांत टेबल लावते. जुनी बेसबॉलची कार्डं, सह्या केलेले चेंडू, फोटो. विकते थोडं, बघत बसते जास्त. अशा ठिकाणी एखाद्या जुन्या खेळाडूला बोलावतात. तो कोपऱ्यात बसतो, लोक रांग लावतात आणि तो सह्या करत राहतो. गेल्या शनिवारी मॅन्सफील्डला कोण आलं होतं, सांगू? ऑरिन टॅकेट.

पंच्याहत्तरीचे झालेत. केस गेले, काठी आली, बोटं होती तशीच वाकडी. क्लीव्हलंडच्या संघात ते दुसऱ्या नंबरचे कॅचर होते, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारे, हे आठवणारी माणसं किती उरली असणार? रांग लहान होती. मी टेबल शेजारच्याला सांभाळायला दिलं आणि त्यांचं अठ्ठावन्न सालचं कार्ड घेऊन उभी राहिले.

"कुणाच्या नावानं लिहू?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

इर्मा म्हणायचं, तर तोंडातून गेलं, "झोफी."

पेन थांबलं. "लोरेनला एक झोफी होती," ते म्हणाले. "मी तिला पत्रं लिहायचो. मग तिनं लिहिणं सोडलं."

मागचा माणूस म्हणाला, "बाई, आटपा जरा." मी सही झालेलं कार्ड उचललं आणि बाजूला झाले.

ते कार्ड सोबत पाठवते आहे. तुझ्याच नावाचं आहे, माझ्याकडे ठेवून काय करू? बाकी विशेष काही नाही. डुलुथला अजून बर्फ असेल. जप.

तुझी,
इर्मा


४ एप्रिल १९९९

प्रिय झोफी,

तुझं उत्तर आलं. चार ओळी होत्या, पण आलं. कार्ड परत पाठवलंस, तेही मिळालं.

तू विचारलंस, "तिनं लिहिणं सोडलं असं ते का म्हणाले? मी लिहिलं होतं. उत्तर त्यांनी दिलं नाही. तू त्यांना हे सांगितलंस का?"

नाही सांगितलं. रांगेत कुठे बोलणार! आणि म्हातारा माणूस, चाळीस वर्षांत काहीतरी इकडचं तिकडे झालं असेल डोक्यात. तू फार मनाला लावून घेऊ नकोस.

तू पुढे लिहिलंस की त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांत आपल्याला एवढं काय वाटायचं, ते आता तुला आठवतसुद्धा नाही. मला आठवतं. साबोच्या दुकानातून कार्डांचं पाकीट आणलं की फोडायच्या आधी आपण ते कानाशी धरून हलवायचो, जणू आत कोण बसलंय ते ऐकू येणार होतं. आतला च्युइंगगम कौलासारखा कडक, आणि त्याची गुलाबी पूड वरच्या खेळाडूच्या तोंडावर. गम तुझा, कार्डं माझी, असा आपला करार होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी ती संघाप्रमाणे लावायची आणि तू चेहऱ्यांप्रमाणे: हे प्रेमळ, हे रागीट, हे जेवायला उशीर झालेले. टॅकेटना तू पहिल्या दिवसापासून प्रेमळांत टाकलं होतंस.

आणि पोस्ट! खेळाडूला पत्र लिहायचं, आत कार्ड घालायचं, तिकीट लावलेला आपल्याच पत्त्याचा लिफाफा घालायचा, आणि मग आठवडेच्या आठवडे वाट. स्वतःच्याच अक्षरातला लिफाफा परत आलेला पाहून जो जीव वरखाली व्हायचा, तसा माझा लग्नातही झाला नाही. सही खरी की शिक्का, हे बघायला आपण ओल्या बोटानं कोपरा चोळायचो. त्या नादात अर्ध्या खऱ्या सह्या आपणच पुसल्या.

टॅकेट मात्र कुणालाच उत्तर देत नसत. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मी तीन पत्रं घातली होती, तिन्ही गेली ती गेलीच. म्हणून चौथं घातलं. त्यात काय होतं ते तुला माहीत आहे.

आईच्या अंत्यविधीच्या दिवशी मी ते असं सगळ्यांसमोर सांगायला नको होतं. पंधरा वर्षं झाली. आता तरी कबूल करते.

इर्मा


२५ एप्रिल १९९९

प्रिय झोफी,

तू लिहितेस, "तू नेहमी मागच्या दारानं सांगतेस. 'असं सगळ्यांसमोर' म्हणजे कसं? काय सांगितलंस तेव्हा? आणि त्या दिवशी खरोखर काय झालं होतं? जेवणाच्या टेबलावर सांगतेस तसं नाही, एकदा झालं तसं लिही."

ठीक आहे. झालं तसं.

मे महिना, साल अठ्ठावन्न. मी बाराची, तू आठची. चौथ्या पत्रात मी लिहिलं की माझी धाकटी बहीण अंथरुणाला खिळली आहे, सांध्यांचा ताप येऊन तो हृदयावर गेला आहे, आणि डॉक्टर म्हणतात की पुढचा उन्हाळा ती बघेल की नाही सांगता येत नाही. तिला फक्त मिस्टर टॅकेट यांची सही हवी आहे. हा आजार मला आपल्या पलीकडच्या आळीतल्या एका मुलावरून सुचला. लिहिताना मला रडू आलं, इतकं ते चांगलं जमलं होतं.

आठ दिवसांत उत्तर. कार्ड, सही, आणि वर चार ओळी, 'प्रिय झोफी, धीर धर.' मी सबंध अंगणभर नाचले. तू विचारलंस, "माझं नाव का लिहिलंय?" मी म्हटलं, "चुकून."

मला तिथे थांबता आलं असतं. मी पुन्हा लिहिलं, तुझ्या नावानं आभाराचं. त्यांचं पुन्हा उत्तर आलं, मी पुन्हा लिहिलं. ऑगस्टमध्ये पोस्टकार्ड आलं: सोमवारी सामना नाही, मी दोन वाजता येऊन जाईन. नको म्हणायला वेळच नव्हता. कार्ड शनिवारी आलं.

त्या सोमवारी बाबा गिरणीत पाळीवर होते आणि आई चर्चच्या तळघरात पिरोगीच्या करंज्या वळायला गेली होती. मी तुला सायकलवरून उतरवून आणलं. आईच्या पलंगावर निजवलं, पडदे ओढले, तोंडाला पावडर फासली.

"किती वेळ आजारी राहायचं?" तू म्हणालीस.

"ते जाईपर्यंत."

"खोकू का?"

"अगं, हृदय आहे. हृदयाला खोकत नाहीत."

"मग हृदयाला काय करतात?"

"गप्प पडतात. तू फक्त गप्प पड."

"पाच कार्डं देशील? मी निवडीन ती?"

दिली असती दहा. दारावर टकटक झाली.

केवढा माणूस होता तो! दारातून वाकून आत आले, टोपी हातात. दुसऱ्या हातात बायकोनं केलेल्या पीचच्या मुरांब्याची बरणी. पलंगाजवळच्या लहान खुर्चीवर बसले तेव्हा ती खुर्ची दिसेनाशी झाली. तुझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी आपली बोटं तुझ्यासमोर धरली आणि एकेकाची गोष्ट सांगितली. हे डेट्रॉइटला मोडलं, हे पावसात, हे मूर्खपणामुळे. तू विचारलंस, "दुखतं?" ते म्हणाले, "फक्त कुणाशी हात मिळवताना." तू बरणी उघडायला लावलीस आणि चमच्यानं अर्धी संपवलीस. मी मागून डोळे वटारत होते, पण तुझं लक्षच नव्हतं.

मग तू विचारलंस, "तुम्हाला मुलगी आहे?"

ते म्हणाले, "होती. नेल. तुझाच आजार होता तिला. दोन हिवाळ्यांपूर्वी गेली."

"किती वर्षांची?"

"आठ."

तू माझ्याकडे पाहिलंस. झोफी, ती नजर मी कधीच कुणाला सांगितलेली नाही. मी काय केलं? मी खिडकीकडे बघितलं.

ते गेले तशी तू उठून न्हाणीघरात गेलीस आणि मुरांबा ओकलीस. मी पाच कार्डं पुढे केली. तू घेतली नाहीस.

आणि आईच्या अंत्यविधीनंतर जेवणाच्या वेळी मी हीच गोष्ट पाहुण्यांना हसवायला सांगितली. पावडर, खोकू का, सगळं. नेल सोडून. माझ्या हातात तो आल्बम होता, मी सगळ्यांना कार्डं दाखवत होते आणि सगळे पोट धरून हसत होते. तू ताट तसंच ठेवून कोट घातलास. मी मागून ओरडले, "अगं, तुला विनोद कळत नाही का?" त्यानंतर तू या गावात पाऊल टाकलं नाहीस.

तू म्हणालीस, झालं तसं लिही. हे झालं तसं आहे. पण सगळं नाही.

इर्मा


९ मे १९९९

झोफी,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. दोनदा हवापाण्यावर गेलं आणि फाडलं. आता सरळ लिहिते.

त्यांनी तुला उत्तर दिलं होतं.

तो सगळा ऑगस्ट आणि सप्टेंबर त्यांची पोस्टकार्डं येत होती, शिकागो, डेट्रॉइट, कॅन्सस सिटी, प्रत्येकावर तुझं नाव. तू ती वाचायची नाहीस. मी माझ्या आल्बममध्ये लावायची. मग हंगाम संपल्यावर, ऑक्टोबरात, तू मला न सांगता वहीचं पान फाडून त्यांना खरं लिहिलंस. मला पत्ताच नव्हता. मला फक्त एवढं दिसायचं की तू शाळेतून आल्यावर दप्तर न ठेवता विचारतेस, "माझं काही आलं?"

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी आलं. टपालपेटीपाशी नेहमी पहिली मीच असायचे. जाड लिफाफा, पेन्सिलीचं अक्षर, 'कुमारी झोफी हुडाक.' मी मागच्या पायऱ्यांवर बसून तो फोडला.

त्यातून कळलं की तू लिहिलं होतंस. आणि हेही कळलं की तू माझं नाव घेतलं नव्हतंस. 'मी खोटं बोलले' एवढंच लिहिलं होतंस. सगळं स्वतःवर.

मी ते तुला का दिलं नाही? आईला कळेल अशी भीती होती, हे मी स्वतःला खूप वर्षं सांगितलं. ते खोटं आहे. आईला कळून काय, चार दिवस अबोला धरला असता. खरं कारण हे की ते पत्र दोन पानी होतं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, आणि खाली पूर्ण नाव होतं. कार्डावर ते नुसतं 'ओ. टॅकेट' खरडायचे. असं पत्र आपल्या गल्लीत काय, मला वाटलं, सबंध ओहायोत कुणाकडे नसेल. आणि ते तुझं होतं. तू ते उशीखाली घेऊन झोपली असतीस, त्याला घड्या पडल्या असत्या, डाग पडले असते. असा विचार केला मी, बारा वर्षांच्या मुलीनं. मी ते त्यांच्या कार्डामागे सरकवून ठेवलं.

तू विचारायचीस, "काही आलं?" मी म्हणायचे, "नाही." डिसेंबरभर हेच. नाताळच्या आधी एक दिवस तू जिन्यात बसून मला म्हणालीस, "मी त्यांना खरं सांगितलं गं. म्हणून ते रागावले." आणि मी म्हणाले, "रागावणारच. मी असते तर मीही रागावले असते."

हे वाक्य तुला आठवतं का, मला माहीत नाही. मला आठवतं. मी खिशात हात घालून उभी होते आणि बोटांना गमची पूड लागत होती.

दुसऱ्या दिवसापासून तू विचारणं सोडलंस. ईस्टरआधीच्या उपवासांत, माझ्याकडून वेळोवेळी मिळवलेली तुझी कार्डं तू शाळेत वाटून टाकलीस. आई म्हणायची, "या पोरीला कशाचीच आवड टिकत नाही." मी शेजारी उभी राहून ऐकायची.

आणि सगळ्यात वाईट ते अजून राहिलंय. वर्षातून एकदा मी ते पत्र काढून बघायची. घर रिकामं असताना, हात धुऊन. आणि मला आनंद व्हायचा, झोफी. लाज नाही, आनंद. आपल्याकडे काहीतरी आहे जे कुणाकडे नाही, तो. मॅन्सफील्डला त्यांनी पेन थांबवून 'तिनं लिहिणं सोडलं' म्हटलं, तोपर्यंत तो आनंद शाबूत होता. आईच्या अंत्यविधीला मी आल्बम दाखवत हसत होते तेव्हाही पत्र त्यातच होतं, तुझ्यापासून दोन हातांवर.

मूळ पत्र मी उद्या रजिस्टरनं पाठवीन. पण उद्यापर्यंत माझा विचार बदलेल. चाळीस वर्षांत कितीदा बदललाय. म्हणून आत्ताच इथे उतरवून देते, म्हणजे मागे फिरायची वाट राहणार नाही.

'प्रिय झोफी,

तुझं पत्र मिळालं. ते लिहायला किती धाडस लागलं असेल मला कळतं. मी तीनदा वाचलं, माझ्या बायकोनं एकदा वाचलं आणि ती उठून अंगणात गेली.

आता मी एक खरं सांगतो. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी एका आजारी मुलीशेजारी दोन वर्षं बसलोय, पोरी. तुझे ओठ लाल होते. कोपराला ताजी खपली होती. आणि नेलनं शेवटच्या महिन्यात अर्धा चमचाही खाल्लं नव्हतं, तू अर्धी बरणी खाल्लीस.

तुमच्या गल्लीच्या टोकाला मी गाडी थांबवली आणि बराच वेळ तसाच बसलो. येताना मी दोनदा गाडी परत वळवली होती. पुन्हा तशा खोलीत शिरायचं मला जमणार नाही असं वाटत होतं. आणि आत बघतो तर काय, एक धडधाकट मुलगी तोंडाला पावडर लावून पडलेली. इतकी चांगली बातमी मला दोन वर्षांत कुणी दिली नव्हती. रागावलो असतो, पण आधी हसूच आलं आणि मग वेगळंच काही आलं.

पोस्टकार्डं मी त्यानंतरही पाठवली, ती जाणूनबुजून. आठ वर्षांच्या मुलीला काहीतरी लिहायला मिळतंय, हे बरं वाटत होतं. पुढच्या वर्षी तू नऊची होशील. नेल नऊची कशी दिसली असती ते मला माहीत नाही, पण नऊ वर्षांच्या मुलीला काय लिहावं ते शिकायला आवडेल.

तुझ्या आईवडिलांची हरकत नसेल तर दोन ओळी टाक. काही आलं नाही तर मी समजेन की त्यांना हे पसंत नाही, आणि पुन्हा त्रास देणार नाही. तू खोटं बोललीस त्याचं ओझं बाळगू नकोस. ते मी उतरवून ठेवलं.

तुझा मित्र,
ऑरिन वेंडेल टॅकेट'

एवढंच आहे. आता तुला माहीत आहे की त्यांनी कशाची वाट पाहिली. तुम्ही दोघांनीही.

इर्मा


१३ जून १९९९

प्रिय झोफी,

रजिस्टरची पोचपावती परत आली. तिच्यावर तुझी सही आहे. त्यामुळे मूळ पत्र पोचलं, एवढं कळलं.

महिना झाला. तू लिहावंस असा आग्रह नाही. मी वाट बघते, पण ती मी बघायलाच हवी.

त्यांचा पत्ता प्रदर्शन भरवणाऱ्यांकडून मिळवला. वेस्ट व्हर्जिनियात राहतात, बायको गेल्याला सहा वर्षं झाली. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. मी त्यांना काही कळवलेलं नाही. तुझ्या आधी मी जाऊन गुडघे टेकावेत आणि माझा जीव हलका करून घ्यावा, असं दोनदा मनात आलं. मग वाटलं, पुन्हा तुझं टपाल आधी मीच फोडल्यासारखं होईल. म्हणून गेले नाही.

अठरा सप्टेंबरला ते ॲक्रनच्या प्रदर्शनात सह्या करणार आहेत. माझंही तिथे टेबल आहे. तुला यायचं असेल आणि मी नको असेन, तर तसं कळव. मी टेबल लावणार नाही.

आल्बममधली तुझ्या नावाची सगळी पोस्टकार्डं वेगळ्या पाकिटात पाठवली आहेत. बावीस आहेत. मागे डिंकाचे डाग पडलेत, ते माझे.

इर्मा


२० सप्टेंबर १९९९

प्रिय झोफी,

तू काही कळवलं नाहीस, म्हणून मी ॲक्रनला टेबल लावलं. तू येशील असं धरलं नव्हतं. डुलुथहून ॲक्रन म्हणजे काय शेजारचं गाव आहे?

साडेअकराच्या सुमाराला मी तुला रांगेत पाहिलं. निळा कोट, केस आखूड केलेले, आणि चाल अगदी आईची. मला वाटलं आई आली. तुझ्यापुढे वीस-पंचवीस माणसं होती. मी एवढी वर्षं या धंद्यात आहे, एका शब्दावर तुला बाजूच्या दारानं आत नेलं असतं. उठलेसुद्धा. मग बसले. माझ्याकडून दार उघडून घ्यायला तू आली नव्हतीस.

तू एकदाही माझ्या दिशेला पाहिलं नाहीस. मला वाटलं, तुझं लक्ष गेलं नाही, बरं झालं.

इतक्या लांबून मला काही ऐकू आलं नाही. फक्त दिसलं. त्यांनी मान खाली घालून हात पुढे केला, कार्डासाठी. तुझ्या हातात कार्ड नव्हतं. तू काहीतरी म्हणालीस, दोन-तीनच शब्द असतील. त्यांनी वर पाहिलं. मग त्यांनी काठी शोधली, ती पडली, आणि काठीशिवायच, टेबलाला धरून, ते उभे राहिले. सकाळपासून ते कुणासाठी उठले नव्हते. त्यांचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत. मागचा एक जाडा गृहस्थ घड्याळ दाखवून काहीतरी बोलला, तेव्हा टॅकेट त्याच्यावर असे खेकसले की ते मात्र मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू आलं, "एकेचाळीस वर्षं थांबलोय मी! तुला दहा मिनिटं जड झाली?"

त्यांनी तुझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मोडक्या बोटांनी. मग कुणीतरी तुला आतून खुर्ची आणून दिली.

माझ्यासमोर एक बाई उभी राहून विचारत होती, "हे कार्ड कुठल्या सालचं?" मला साल सांगता येईना. ती वैतागून गेली. मी वर पाहिलं तेव्हा तुझी खुर्ची रिकामी होती. तू पलीकडच्या दारानं गेलीस. मी तक्रार करत नाही, झालं तसं लिहिते आहे.

आता पुढचं तुला माहीत नसेल, म्हणून हे पत्र.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते काठी टेकत सगळा हॉल ओलांडून माझ्या टेबलापाशी आले. मी उभी राहिले. ते बसले नाहीत.

"ती म्हणाली, तुम्ही शेवटच्या टेबलावर बसता," ते म्हणाले. "म्हणाली, बहीण आहे माझी, ती इकडेच बघतेय, पण तुम्ही बघू नका."

म्हणजे तू मला पाहिलं होतंस.

"मिस्टर टॅकेट," मी म्हटलं. इतकी पत्रं लिहिली मी त्यांना, झोफी, एकामागून एक, न अडखळता. खरं बोलायची वेळ आली आणि एक शब्द सुचेना.

"तुमचं अक्षर सुंदर होतं," ते म्हणाले. "बायको म्हणायची, ही आठ वर्षांची पोर नाही, मागे कुणीतरी मोठी आहे. ती वाचायची आणि हसायची. हसणं बंद झालं होतं तिचं, तेव्हाची गोष्ट. त्याबद्दल मी तुमचे आभार मानतो."

"आभार मानू नका," मी म्हटलं. "ते पत्र मी चोरलं. तुमचं उत्तर. तिला कधी दिलंच नाही."

"सांगितलं तिनं."

"मी तुमची माफी—"

त्यांनी हात वर केला. "तो अख्खा हिवाळा मी रोज टपाल बघायला फाटकापर्यंत जायचो. आमचं फाटक घरापासून लांब आहे आणि तिकडे बर्फ पडतं. मग बायको म्हणाली, पुरे आता, नसेल पसंत त्यांना. माझ्या वाट्याचं एवढंच. ते मी सोडून देतो. म्हातारा झालोय, काही धरून ठेवायला हातात जोर नाही." मग म्हणाले, "पण तिच्या वाट्याचं मला सोडता येत नाही, बाई. ते माझं नाही. ते तिच्याकडेच मागा. आणि तिनं नाही दिलं, तर कुरकुर करू नका."

"नाही करणार," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि परत गेले. त्यांच्यासाठी रांग पुन्हा लागली होती.

मी टेबल आवरलं. त्या दिवशी मला कुणाच्या सहीकडे बघवेना.

तर मागते आहे, झोफी. पावडरसाठी नाही, ती आपण लहान होतो म्हणून गेली असती. आईच्या अंत्यविधीला केलेल्या हशासाठीही नाही. जिन्यात मी जे म्हणाले, त्यासाठी. तू आठ वर्षांची होतीस, तू खरं बोलली होतीस, आणि मी तुला सांगितलं की खरं बोललं की माणसं रागावतात. मला ठाऊक होतं की ते रागावलेले नाहीत. पत्र माझ्याकडे होतं.

उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. तुझा फोन नंबर माझ्याकडे आहे. मी करणार नाही. तू केलास तर मी पहिल्याच घंटीला उचलीन, हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहून गेले.

तुझी बहीण,
इर्मा